तीन सेंटिमीटरचा ओरखडा

रात्रीचे साडेनऊ. विक्रोळीतल्या कन्नमवार नगरच्या थांब्यावर एक बाई बसमधून उतरते आणि पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या सर्व्हिस रोडने घराकडे चालू लागते. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. मागून मोटरसायकल येते, वर दोघं. मागे बसलेला मंगळसूत्रात बोटं अडकवतो. बाई पिशवी टाकून दोन्ही हातांनी वाट्या घट्ट धरते. गाडी थांबत नाही, बोटं सुटत नाहीत, आणि साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीत तुटते. अर्धा सर बाईच्या मुठीत, अर्धा घाटकोपरच्या दिशेने. काळे मणी रस्त्यावर. चार माणसं जमतात. “चेन खेचली का?” “गाडीचा नंबर बघितलात?” मानेमागे जळजळतंय हे बाईच्या लक्षात यायलाही दहा मिनिटं लागतात.

ही बाई मी रचलेली आहे, पण मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या कुणालाच ती अनोळखी वाटणार नाही. पोलीस ठाण्यात तिला आधी सोन्याचं वजन विचारतील, मग पावती आहे का विचारतील. तेही लागतंच. पण खटला उभा राहिला, शिक्षा झाली आणि प्रकरण अपिलात गेलं, तर सोन्याच्या वजनावर कोणी फारसं बोलणार नाही. वाद होईल तो मानेवरच्या त्या ओरखड्यावर. तो होता का? कोणी पाहिला? कशाने झाला? आणि कशासाठी केला?

आधी हिशेब पाहू. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं. जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तीच सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान महामार्गावर केली तर १४ वर्षांपर्यंत. आणि जबरी चोरी करताना इच्छापूर्वक दुखापत केली, तर थेट जन्मठेपेपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेत ही कलमं ३७९, ३९२ आणि ३९४ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत चोरी ३०३ मध्ये आणि जबरी चोरी ३०९ मध्ये आली. मधल्या ३०४ मध्ये एक नवा गुन्हा बसवला आहे, हिसकावून नेण्याचा. त्याला पुन्हा ३ वर्षंच. म्हणजे आता बचावाच्या वकिलाला एक तयार पायरी मिळाली आहे: “साहेब, फार तर हिसकावणं आहे, जबरी चोरी नाही.” या पायरीवरून वरच्या पायरीवर जायला सरकार पक्षाच्या हातात असते ती दुखापत, गैरनिरोध (म्हणजे बेकायदा अडवणं), किंवा त्यांची तत्काळ भीती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जबरी चोरीसाठी जखम झालीच पाहिजे असं नाही. ‘चाकूचा धाक दाखवून लुटलं’ ही बातमी आपण वाचतो, तो धाकच पुरेसा असतो. पण धाक कोणत्याही कागदावर उमटत नाही, ओरखडा उमटतो. म्हणून जिथे ओरखडा आहे तिथे सगळा खटला त्याच्याभोवती गोळा होतो.

कायद्याने दुखापतीची व्याख्या अगदी सैल ठेवली आहे. शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता यांपैकी काहीही. रक्त यायला हवं, वळ उठायला हवा, टाके पडायला हवेत, असं कुठेही म्हटलेलं नाही. कानाखाली दिलेली एक थप्पडही दुखापतच. गंभीर दुखापतीची मात्र मोजून आठ प्रकारांची यादी आहे. हाड किंवा दात मोडणं त्यात येतं. शेवटचा प्रकार दिवसांचा: जुन्या कायद्यात २० दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद, नव्या कायद्यात १५ दिवस.

न्यूयॉर्कचा कायदा याबाबत कंजूष आहे. तिथे ‘शारीरिक इजा’ म्हणजे शरीराच्या स्थितीत बिघाड किंवा लक्षणीय वेदना, आणि ‘लक्षणीय’ म्हणजे किती यावर अपिलं लढली जातात. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने एका अल्पवयीन मुलाच्या प्रकरणात, तोंडावर दोन तडाखे, लाल वळ आणि रडू एवढ्यावर इजा सिद्ध होत नाही असं ठरवलं. २००७ मध्ये त्याच न्यायालयाने घरात घुसलेल्या चोराने घरमालकाचं बोट चावलं, नख फुटून रक्त आलं, हे पुरेसं मानलं. आपल्याकडे पहिल्या प्रकरणातले तडाखेही दुखापत ठरले असते. म्हणून आपल्या अपिलात ‘किती लागलं’ हा प्रश्न क्वचितच निर्णायक ठरतो. आपल्याकडे गाडी अडते ती ‘कशासाठी लागलं’ इथे.

जबरी चोरीच्या व्याख्येत एक अट घातलेली आहे. दुखापत चोरीच्या कामासाठी केलेली हवी: चोरी करण्यासाठी, करत असताना, किंवा माल घेऊन निसटण्यासाठी. चोरी आणि मारहाण एकाच ठिकाणी, एकाच मिनिटात घडली म्हणून जबरी चोरी होत नाही. दोन्ही गोष्टी ‘त्यासाठी’ या शब्दाने जोडलेल्या असाव्या लागतात.

हा शब्द किती बारकाईने तपासला गेला आहे हे पाहायचं तर जुने निकाल उघडावे लागतात. मुंबईच्या रतनलाल आणि धीरजलाल या जोडीचा फौजदारी कायद्यावरचा ग्रंथ वकिलांच्या टेबलावर पिढ्यान् पिढ्या आहे, आणि त्याच्या तळटिपांमध्ये एकोणिसाव्या शतकातली भांडणं अजून ताजी आहेत. १८६६ मध्ये कलकत्त्याला एका बाईच्या नाकातली नथ ओढताना नाकपुडी फाटली, रक्त आलं. जबरी चोरी ठरली. त्याच वर्षी तिकडेच आंबे चोरताना पकडल्या गेलेल्याने मालकाला लाठी घालून बेशुद्ध पाडलं. तीही जबरी चोरी. उलट १८७२ च्या मुंबईच्या एका निकालात चोराने चोरलेला माल टाकून दिला आणि पाठलाग थांबावा म्हणून मागच्यांवर दगड मारले. पण ते दगड मालासाठी नव्हते, स्वतःची कातडी वाचवण्यासाठी होते. चोरी वेगळी, मारहाण वेगळी. शिक्षेच्या दृष्टीने चोराला माल टाकणंच फायद्याचं पडलं.

इंग्लंडातलं १८४३ चं एक प्रकरण मला लोकलमध्ये उभं राहिल्यावर हमखास आठवतं. चोर टोपलीची दोरी कापत होता, मालकाने नेमक्या त्या क्षणी टोपली पकडायला हात घातला आणि सुरी त्याच्या मनगटावर बसली. न्यायालय म्हणालं, जखम मुद्दाम केलेली नाही, चोरीच. विक्रोळी स्टेशनवर गर्दीत पर्सचा पट्टा ब्लेडने कापला जातो आणि ब्लेड बोटाला लागतं, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो. फटका मारणाऱ्यांचं तसं नाही. रुळांच्या कडेला खांबाआड उभं राहून लोकलच्या दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठीचा तडाखा हाणायचा आणि खाली पडलेला मोबाइल उचलायचा, ही जी पद्धत मुंबईत ‘फटका’ म्हणून ओळखली जाते, तिच्यात दुखापत हेच चोरीचं हत्यार आहे. तिथे ‘त्यासाठी’ सिद्ध करायला वेगळं काही लागत नाही. प्रवासी तोल जाऊन पडला, तर धावत्या गाडीतून माणूस पडू शकतो याची मारणाऱ्याला जाणीव होती का, एवढंच उरतं.

१९७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हरीश चंद्र विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालात रेल्वे प्रवाशाचं मनगटी घड्याळ गेलं होतं. त्याने आरडाओरडा केला तेव्हा थप्पड बसली. थप्पड नंतरची, पण घड्याळ अजून चोरांकडेच होतं आणि ते घेऊन निसटायचं होतं. जबरी चोरी कायम झाली. १८७२ चे दगड आणि १९७६ ची थप्पड शेजारी ठेवून पाहा. दगड लागले असतील तर बहुधा थपडेपेक्षा जास्तच लागले असतील. फरक एवढाच की एकीकडे माल रस्त्यावर पडला होता आणि दुसरीकडे चोरांच्या ताब्यात होता.

आता आपल्या बाईकडे परत. पोलीस तिला वैद्यकीय यादी देतात, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरला लिहिलेलं पत्र, आणि सोबत एक शिपाई. विक्रोळीतून अशी माणसं बऱ्याचदा घाटकोपरला राजावाडीत जातात. कॅज्युअल्टीत रात्री अकराला जो डॉक्टर आहे त्याच्यासमोर अपघातातला रिक्षावाला आहे, ताप चढलेलं मूल आहे, दारू पिऊन पडलेला एक जण आहे. मानेवर ओरखडा असलेली बाई त्याच्या यादीत सगळ्यात शेवटी. तो केस पेपर करतो, एमएलसीच्या, म्हणजे मेडिको-लीगल केसेसच्या, रजिस्टरमध्ये नोंद करतो, टीटीचं इंजेक्शन लिहितो. नोंद साधारण अशी: मानेच्या मागील बाजूस उजवीकडे रेषेसारखा ओरखडा, ३ बाय ०.२ सें.मी., लालसर, ताजा, साधी इजा.

या दोन ओळी लिहायला त्याला एक मिनिट लागलं असेल. तो बहुधा निवासी डॉक्टर आहे. खटला उभा राहील तेव्हा तो या रुग्णालयात नसेल, कदाचित या शहरातही नसेल. पण अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांसाठी बाईची मान म्हणजे याच दोन ओळी. त्यातला प्रत्येक शब्द खेचून पाहिला जाईल.

‘मागील बाजूस’ घ्या. मोटरसायकल मागून आली आणि पुढे गेली, तर साखळी पुढच्या दिशेने ताणली जाते आणि दाब येतो मानेच्या मागे. समोरून आलेल्याने उलट ओढली असती तर ओरखडा गळ्याच्या पुढच्या बाजूला हवा. डॉक्टरने घाईत नुसतं ‘मानेवर’ लिहिलं असतं, तर बाईच्या सांगण्याला शरीराची साक्ष मिळाली नसती. ‘ताजा’ घ्या. ओरखड्यावर खपली धरली की तो शिळा. मुका मार असेल तर रंग बोलतो: आधी लाल, मग निळसर, चार-पाच दिवसांत काळपट-तपकिरी, पुढे हिरवट, आठवड्यानंतर पिवळा. रात्री साडेनऊच्या घटनेनंतर अकरा वाजता पिवळा वळ सापडला तर बचावाच्या वकिलाला आणखी काही विचारायची गरज नाही.

आणि ‘कारण’ हा रकाना. तिथे डॉक्टर रुग्णाने सांगितलेलं लिहितो. बाई घाबरलेली, शिपायानेच पुढे होऊन सांगितलं आणि डॉक्टरने लिहिलं: ‘पडल्याने’. बाई खरंच पडलीही असेल, गाडीमागे धावताना. ते एक क्रियापद पुढे कितीतरी महिने खटल्याच्या मानगुटीवर बसतं.

न्यायालयात डॉक्टरचा उलटतपास ठरलेल्या वाटेने जातो. “ही इजा टणक पृष्ठभागावर पडल्याने होऊ शकते, हे खरं आहे का?” खरं आहे. डॉक्टर नाही म्हणूच शकत नाही, कारण होऊ शकतेच. नवशिक्या वकिलाला वाटतं, झालं, जिंकलो. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या सोलंकी चिमणभाई उकाभाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात वैद्यकीय पुराव्याची जागा सांगितली आहे: सांगितलेल्या प्रकाराने ती इजा होऊ शकते, एवढंच तो दाखवतो. इजा दुसऱ्या कशानेही होऊ शकते म्हणून डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष आपोआप खोटी पडत नाही. वैद्यकीय पुरावा तिला पूर्णपणे अशक्य ठरवत असेल तरच. शिवाय जखमी साक्षीदाराचं वजन वेगळं असतं. २०१० च्या अब्दुल सईद प्रकरणात न्यायालयाने तेच मांडलं: अंगावरची जखम ही त्याच्या जागेवर असण्याची हमी असते, आणि असा माणूस खऱ्याला सोडून भलत्याला सहसा अडकवत नाही.

मात्र डॉक्टर आलाच नाही तर? प्रमाणपत्र म्हणजे कागद. तो नुसता फाइलला लावून सिद्ध होत नाही. इथे महाराष्ट्राचाच एक निकाल कामी येतो. शेख फरीद हुसेनसाब विरुद्ध महाराष्ट्र राज्य. बचाव पक्षाने शवविच्छेदनाच्या अहवालाचा खरेपणा मान्य केला असेल तर डॉक्टरला न बोलावता तो पुरावा म्हणून वाचता येईल का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे होता. पूर्णपीठ हो म्हणालं. दुखापतीच्या प्रमाणपत्रांनाही हेच लागू पडतं. त्यामुळे अपिलात पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचा संच, हाती घेतलं की अनुभवी वकील आधी पाहतो ते बचावाने कागद ‘मान्य’ असं लिहून दिलंय का. खालच्या न्यायालयात वेळ वाचवायला कुणीतरी सही केलेली असते. ती सही असली की प्रमाणपत्रावरचे निम्मे आक्षेप तिथेच संपतात.

सही नसली आणि डॉक्टरही नसला, तरी सगळं बुडत नाही. दुखापतीच्या व्याख्येत वेदना आहेच, आणि वेदना बाई स्वतः सांगू शकते. साधी दुखापत फक्त तोंडी पुराव्यावरही सिद्ध होते. गंभीर दुखापतीचं मात्र कठीण. मनगटाचं हाड मोडलं असं बाईने शपथेवर सांगितलं तरी एक्स-रे आणि तो वाचणारा डॉक्टर हवाच. कित्येक अपिलांत गंभीरची साधी होते ती अशीच.

हत्याराच्या बाबतीतही न्यायालयं तितकीच काटेकोर. जप्त केलेला चाकू डॉक्टरला दाखवून “यानेच ही जखम होऊ शकते का?” असं विचारणं ही सरकार पक्षाची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ईश्वर सिंह प्रकरणात बजावलं. तरीही चाकू मुद्देमालाच्या पाकिटात लाखबंद राहतो आणि डॉक्टर साक्ष देऊन निघून जातो.

मोटरसायकलवर दोघं होते, त्यातला हात फक्त मागच्याचा. चालवणारा अपिलात म्हणतो, मी तर मागे वळूनही पाहिलं नाही. जुन्या ३९४ मध्ये त्याचा उपयोग नाही. ते कलम दुखापत करणाऱ्याबरोबरच जबरी चोरीत सामील असलेल्या प्रत्येकाला धरतं. चाकू असता तर गोष्ट बदलली असती. जुनं ३९७, म्हणजे प्राणघातक हत्यार वापरण्याबद्दल किमान ७ वर्षं, हे फक्त ज्याने हत्यार वापरलं त्याला लागतं. १९७५ च्या फूल कुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या पेट्रोल पंपावरच्या लुटीच्या निकालात ते ठरलं, आणि त्याचबरोबर हेही की हत्यार समोरच्याला दिसेल असं हातात धरणं म्हणजेच ‘वापरणं’. वार व्हायला हवा असं नाही. चालवणाऱ्याला ओरखड्यापासून सुटका नाही, पण मागच्याच्या चाकूपासून आहे. हा भेद मला विचित्र वाटतो, पण कलमांची शब्दरचनाच तशी आहे.

पहिलं अपील म्हणजे पुरावा पुन्हा नव्याने वाचणं. विक्रोळीच्या न्यायालयातून ते सत्र न्यायालयात जातं, ३० दिवसांच्या आत. (कलमात जन्मठेप असली तरी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला ३ वर्षांपेक्षा जास्त शिक्षा देण्याचा अधिकारच नाही, हे वाचून मी पहिल्यांदा कायद्याचं पुस्तक मिटून पुन्हा उघडलं होतं.) अपील न्यायालय सगळं पुसून टाकू शकतं, तसं एकेक पायरी खालीही उतरवू शकतं: जुन्या क्रमांकांत ३९४ वरून ३९२, ३९२ वरून चोरी आणि साधी दुखापत अशी वेगवेगळी. मोठ्या गुन्ह्याचा दोषारोप असताना त्यातला छोटा सिद्ध झाला तर त्याची शिक्षा देता येते. आणि निकाल लागेपर्यंत आरोपीने जितकी वर्षं आत काढली असतील, तितकीच शिक्षा पुरेशी मानून त्याला सोडलं, असंही होतं. फिर्यादी बाईला बऱ्याचदा हे कुणी कळवतही नाही.

हे उतरणं कित्येकदा एका वाक्यावर होतं, आणि ते वाक्य मराठी आहे. बाई साक्षीत म्हणते, “त्याने मला हिसका दिला आणि साखळी तुटली.” टंकलेखनात येतं, “त्याने साखळी हिसकावली.” पहिल्या वाक्यात जोर माणसावर आहे, दुसऱ्यात वस्तूवर. पहिलं जबरी चोरीकडे झुकतं, दुसरं जवळपास नव्या ३०४ कलमाचेच शब्द बोलतं. इंग्रजीत तर दोन्हींचं ‘स्नॅच्ड’ होऊन जातं. राज्यातल्या अनेक न्यायालयांत साक्ष मराठीतही नोंदली जाते आणि न्यायाधीश इंग्रजीतही उतरवून घेतात; अपिलाच्या पेपरबुकात वकील इंग्रजी पानावरून युक्तिवाद करत असतो.

“युअर ऑनर, फिर्यादी स्वतः म्हणते साखळी ओढली. तिला ओढल्याचं ती कुठेच म्हणत नाही.”

न्यायाधीश इंग्रजी पानावर बोट ठेवतात, चष्मा वर सारतात आणि पेशकाराला सांगतात, “मूळ मराठी जबाब काढा.”